बाबांनी वगळलेलं स्तोत्र

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकट्या भिंगरीचा सप्रेम सलाम. वि. वि.

वहिनीचं पत्र परवा मिळालं. तू दुकानाचं शटर ओढलंस, घड्याळं दुरुस्त करायची हत्यारं पेटीसकट दुसऱ्याला देऊन टाकलीस आणि मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसलास, एवढं कळलं. डोळ्यांच्या पडद्यांपुढे डॉक्टरांनी हात टेकले, हेही कळलं. हे सगळं मला वहिनीकडून कळावं याचा भयंकर राग आला आहे. पण माझं पत्र तुला तीच वाचून दाखवणार, म्हणजे माझी बोलणी तिच्या गोड गळ्यातून बाहेर पडणार आणि त्यांचा काही उपयोग होणार नाही. वहिनी, इथे जरा आवाज चढव.

दादा, खुर्चीत बसून राहू नकोस. तुमच्याकडे जुन्या वाचनालयाच्या माडीवर आंधळ्यांना ब्रेल शिकवतात, असं वहिनी लिहिते. तिथे जा. ज्या बोटांना बायकांच्या मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू कळत होता, त्या बोटांना कागदावरचे ठिपके कळणार नाहीत असं मला तू सांगू नकोस.

आणि स्तोत्रं म्हणत जा. जेवण झालं की बाबा ताटं बाजूला सारून पवित्र शास्त्र उघडायचे, आणि आपण पेंगत पेंगत का होईना पण त्यांच्याबरोबर म्हणायचो, ते काय उगाच? तुला तर सगळी पाठ होती. मी मध्येच गाळायचे आणि तू टेबलाखालून लाथ मारायचास. आई गेली त्या आठवड्यात बाबांनी रोज ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ हे मेंढपाळाचं स्तोत्र घेतलं होतं, आठवतं का? आपण तगलोच ना त्यावर. तू तेच म्हण. नाहीतर डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येते ते विचारणारं म्हण, तेही छान आहे.

इकडे सगळं ठीक. पडद्यांची आणि उशांच्या अभ्र्यांची कामं पुष्कळ आहेत, मशीनवर बसून कंबर मोडते. आमचे ड्रायव्हरसाहेब बस चालवून येतात आणि घरात आल्यावर मला चालवायला बघतात. मी ब्रेक लावते.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. तिच्या अक्षरात माझी भाषा बघून दचकू नकोस. तुझा राग तिने इतका मनापासून वाचला की खालचा इस्त्रीवाला जिन्यात येऊन विचारून गेला.

डोंगरांकडे डोळे लावायचं स्तोत्र आंधळ्याला पाठवणारी बहीण जगात एकच असेल, आणि ती देवाने मला दिली. तेवढं सोडून काहीही पाठव.

तुझ्या हट्टापायी मी त्या माडीवर गेलो. ब्रेलच्या बाई स्वतः जन्मापासून आंधळ्या आहेत. आवाज मऊ, पण आत सळई आहे. पहिले काही दिवस अक्षरं झाली. मग त्यांनी विचारलं की तुमच्या ओळखीचं काही वाचायला आवडेल का. मी स्तोत्रं म्हणालो. त्यांनी उशीएवढा जाड ग्रंथ माझ्यापुढे ठेवला, आणि म्हणे हा नुसता पहिला भाग. मी मेंढपाळाचं स्तोत्र काढून घेतलं आणि जे धडाधड वाचत सुटलो म्हणतेस! वर्ग गप्प झाला. मला वाटलं, सगळे थक्क झालेत. मधेच बाईंनी रुमाल दिला, घामाने बोटं ओली झाली असतील, पुसून घ्या म्हणाल्या. मी पुसली आणि पुढे वाचून आमेनपर्यंत नेलं. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या की रुमाल दिला तेव्हाच त्यांनी पुस्तक उलटं ठेवलं होतं.

भिंगरे, वर्गात आम्ही सगळेच आंधळे, पण हसायला डोळे लागत नाहीत. त्यांत एक माझ्या गिऱ्हाइकांपैकी निघाला. तो सर्वांत मोठ्याने हसला. पाठांतर होतं, दुसरं काय. बोट कागदावर नुसतं फिरत होतं, वाचत होतं तोंड. आता मी तिथे जाणार नाही. स्तोत्रंही म्हणणार नाही. तोंडाला इतकी पाठ असलेली गोष्ट माझ्या आत कधी गेली होती की नाही, याचीच आता शंका येते. (हे वाक्य मी लिहिणार नव्हते, पण त्यांनी परत वाचून दाखवायला लावलं. वहिनी.)

ड्रायव्हरसाहेबांना सलाम. आठवण ठेवतेस, अशीच ठेव.

तुझा,
दादा

ता. क. मी वहिनी. हे मी त्यांना न सांगता लिहिते. हल्ली ते जेवणावरून चिडतात, दाढी करत नाहीत, आणि शाळेतून मी आले की दार उघडल्याबरोबर विचारतात की उशीर का झाला. उशीर झालेला नसतो. तू लिहीत राहा. तुझं पत्र आलं की त्या दिवशी तरी माणसात असतात.


ता. २ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

मी इतकी हसले की मशीनची सुई मोडली. तुझ्यावर हसले नाही, आमेनवर हसले. उलट्या पुस्तकावर आमेन म्हणणारा तू काही पहिला नसशील, पण बाकीचे पकडले गेले नसतील.

आता माझं ऐक. तुला पाठ असलेलं तू वाचूच शकणार नाहीस. तोंड बोटाच्या पुढे पळणार. मग तुला पाठ नसलेलं वाच ना! बाबा वाचताना मधेच दोन-दोन पानं एकदम उलटायचे, आठवतं? मी एकदा विचारलं होतं की मधल्यांनी काय घोडं मारलंय. ते म्हणाले होते की भरल्या पोटी रडगाणं नको. म्हणजे ती सगळी रडगाणी तुझ्या बोटांना कोरी आहेत. बाईंना सांग, आमच्या बाबांनी वगळलेलं एखादं द्या. आणि उद्याच्या उद्या जा. गिऱ्हाइक हसलं तर त्याचं घड्याळ तू किती वेळा फुकट पुसून दिलंस त्याची आठवण करून दे.

इकडे सर्व क्षेम. लोभाला खंड नको.

तुझी,
भिंगरी


(सोबत वेगळा कागद)

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

हा कागद फक्त तुला. दादाला वाचून दाखवू नकोस.

माझ्या छातीत गाठ आली आहे. मी आधी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, मशीनवर वाकून काहीतरी झालं असेल म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी हाताने बघितलं आणि लगेच तारीख दिली. महिन्याच्या अखेरीला ऑपरेशन आहे. गाठ काढून तपासायला पाठवतील, मग कळेल.

ड्रायव्हरसाहेब सगळं करतात, पण त्यांना माझ्याकडे बघवत नाही. दादाला कळू देऊ नकोस. तो आधीच बुडतोय, त्याच्या गळ्यात माझा धोंडा कशाला? मी त्याला नेहमीसारखं हसून खेळून लिहीत जाईन. तेवढं मला जमतं.

तुझ्या मायेचा भरवसा आहेच.

तुझी,
भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गेलो. परत गेलो. गिऱ्हाइकाने आपणहून खुर्ची सरकवून दिली, तेव्हा घड्याळाचा विषय काढला नाही.

बाईंना तुझा निरोप सांगितला. त्यांनी दुसऱ्या जाड पुस्तकातलं एक पान काढून माझं बोट त्यावर टेकवलं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. आपल्या घरात ते कधी म्हणजे कधीच वाचलेलं नाही. मला त्यातला एक शब्दही येत नव्हता.

अख्खी सकाळ गेली तेव्हा कुठे एक ओळ लागली. मी पुढचा शब्द ओळखायचा प्रयत्न केला की बाईंना कसं कोण जाणे कळतं. आवाज पुढे पळतो म्हणे. त्या म्हणाल्या की पुढचं तुमच्या बोटाखाली आहे, डोक्यात शोधू नका. मी घरी पुस्तक आणलं आणि रोज थोडं थोडं वाचत गेलो. भिंगरे, काय माणूस आहे तो! देवाला म्हणतो की मी रोज हाका मारतो आणि तू तोंड फिरवतोस. तूच मला खड्ड्यात ढकललंस म्हणतो. मेलेल्या माणसांना तुझ्या चांगुलपणाचा काय उपयोग, असं तोंडावर विचारतो. बाबांपुढे मी असं बोललो असतो तर थोबाडीत बसली असती. मी वाचत होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण खुर्चीत बसून मी हेच सगळं मनातल्या मनात म्हणत होतो. मला वाटत होतं की असं वाटतंय म्हणजे माझा विश्वास संपला. आणि हा बाप्या देवळात गायला बसून तेच गातो आहे.

मी वाट बघत होतो की आता वळण येईल. बाबांच्या सगळ्या स्तोत्रांत रडणारा शेवटी डोळे पुसतो. रोज वाटे, आज नाही, उद्याच्या ओळीत. काल शेवटची ओळ लागली. त्याची माणसं दूर गेली आहेत आणि सोबतीला अंधार आहे. बस्स. पुढे बोट गुळगुळीत कागदावर गेलं.

मी ताडकन उठून माडीवर गेलो. बाईंना म्हणालो की तुमच्या पुस्तकातलं एक पान गेलेलं आहे. शिलाई चाचपून आलो होतो, पान फाटल्याची खूण नव्हती, तरी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. पान गेलेलं नाही म्हणाल्या. घरी येऊन तुझ्या वहिनीला छापील शास्त्र उघडायला लावलं. त्यातही तसंच.

हे स्तोत्र तिथे कोणी राहू दिलं असेल, याचा मी विचार करतो आहे. कुणाला तरी वाटलं असणार की हीसुद्धा प्रार्थना आहे, शेवट गोड नसला तरी. काल मी दाढी केली. गाल कापला, ते सोड.

तुझं पत्र लवकर येऊ दे. तुझी वहिनी तुझं नाव निघालं की हल्ली भांडी फार वाजवते.

तुझा,
दादा

ता. क. तुझा वेगळा कागद पोचला. सांगितलेलं नाही. भांडी आता हळू ठेवत जाईन. रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, शाळेत, मुलं डबा खात असताना. वहिनी.


ता. ८ एप्रिल

प्रिय भिंगरीस,
वहिनीचा सप्रेम सलाम.

ड्रायव्हरसाहेबांची चिठ्ठी मिळाली. ऑपरेशन झालं, टाके ओले आहेत, गाठ तपासायला गेली आहे, हे समजलं. तू उठून बसतेस का? हात हलवू नकोस. शिवणाचं कापड डोळ्यांसमोरसुद्धा ठेवू नकोस.

आता मी जे लिहिते ते नीट वाच आणि पाठ कर, कारण ते तू लिहिलं आहेस.

तुझं पत्र येईना. हे रोज विचारायला लागले. एकदा म्हणाले की भिंगरी आजारी आहे की काय. समोर शाळेची एक सूचना पडली होती, पालकांनी मुलांची नखं कापून पाठवावीत अशी. मी ती उचलली आणि तुझं पत्र म्हणून वाचायला सुरुवात केली. बालवर्गाला गोष्ट सांगताना आम्ही पुस्तक मुलांकडे धरतो आणि न बघताच सांगतो, त्यामुळे मला अडचण अशी काही आली नाही. उलट, रंगत गेले.

तर, तू खिडकीला पिवळे पडदे शिवलेस. ड्रायव्हरसाहेबांनी बसमध्ये विसरलेली छत्री मालकिणीला परत केली आणि तिने त्यांना काकडी दिली. आणि, मला माफ कर, तू मांजर पाळलीस. ती का सुचली मला माहीत नाही. दूध सांडते, तुझ्या मशीनवर झोपते. यांना ती आवडली असावी, कारण मांजरीचं परत वाच म्हणाले. मी परत सांगितलं. मग ते खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

मला फार अपराधी वाटतं गं. पण खरं सांगितलं आणि ते परत त्या खुर्चीत गेले तर? आत्ता कुठे जिन्याखाली एकटे जाऊन इस्त्रीवाल्याशी गप्पा मारतात. तू बरी झालीस की आपण दोघी मिळून सांगू. तोवर मांजर सांभाळ.

तुझ्या तब्येतीच्या ओळीची वाट बघणारी,
वहिनी


ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितो आहे. पुठ्ठ्याला आडव्या फटी कापल्या आहेत, त्यांतून ओळ सरळ जाते असं मला वाटतं. एकावर एक गेली असेल तर दोनदा वाच. पाकिटावर पत्ता इस्त्रीवाल्याने घातला. तुझ्या वहिनीला माहीत नाही.

तुझी मांजर पहिल्या वाचनात करडी होती. दुसऱ्या वाचनात तिच्या अंगावर ठिपके आले.

पण मला मांजरीच्या आधीच कळलं होतं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून केलेली धावपळ. तुझं पत्र वाचताना वहिनी जागोजाग अडते, परत मागे जाते, हा काय शब्द म्हणते. त्या दिवशी ती कुठेच अडली नाही. वाचणारा माणूस आणि पाठ म्हणणारा माणूस यांच्या आवाजातला फरक मला आता कळतो. चांगलाच पोळलोय ना त्यात.

मी तिला काही बोललो नाही. ज्या बाईला माझ्यासाठी अख्खी मांजर जन्माला घालावी लागली, तिला काय बोलायचं?

भिंगरे, आई गेली त्या आठवड्यात बाबांनी रोज मेंढपाळाचं स्तोत्र घेतलं, आणि तू लिहितेस की आपण त्यावर तगलो. मला वेगळं आठवतं. कुणी रडलं नाही, मला ते आठवतं. तू तोंडातला घास गिळत नव्हतीस, आणि मी तुला लाथ मारली ती स्तोत्र चुकलीस म्हणून मारली नव्हती. तू रडशील आणि मग मला आवरणार नाही म्हणून मारली होती. बाबांना मी दोष देत नाही. ते दुसरं काही वाचायला गेले असते तर त्यांचा आवाज फुटला असता, आणि समोर आपण दोघं एवढीएवढीशी होतो. पण त्यांनी आपल्याला जपण्यासाठी जी पानं वगळली, ती आता म्हातारपणी मला आंधळ्या बोटांनी एकेक अक्षर करून वाचावी लागली. त्या पानांनी मला खुर्चीतून उठवलं. गोड स्तोत्रांनी नाही उठवलं.

तुम्ही दोघी मिळून आता मला वगळता आहात. मी आंधळा झालो म्हणून थोरला भाऊ राहिलो नाही का? मला चांगलं काही सांगू नकोस. मांजर नको. काय झालंय ते लिही. जे असेल ते ऐकायला मी इथे बसलो आहे.

तुझा,
दादा


ता. १७ एप्रिल

ती. दादास,
भिंगरीचा सलाम.

वहिनी, हे पत्र आहे तसं वाच. अडलीस तर अड, पण गाळू नकोस. त्याला सगळं कळलं आहे. त्याने मला स्वतः लिहिलं. तुझ्यावर तो चिडलेला नाही.

दादा, माझ्या छातीत गाठ होती. ऑपरेशन करून काढली. तपासणीचं काल कळलं, गाठ चांगली नव्हती. आता पुढच्या महिन्यापासून औषधं चढवतील, सलायनसारखी. केस जातील, उलट्या होतील, असं आधीच सांगून ठेवलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की वेळेत सापडली, पुष्कळ बायका बऱ्या होतात. पुष्कळ म्हणजे किती, आणि मी त्यांत की बाकीच्यांत, हे मी विचारलं नाही.

तुला मी स्तोत्रं पाठवत होते ना, तेव्हा मला स्वतःला एकही म्हणता येत नव्हतं. तोंड उघडलं की मेंढपाळाची पहिली ओळ येते आणि मला एकदम संताप येतो. काल चर्चच्या पाळकांच्या पत्नी आल्या, फळं घेऊन. माझा हात धरून त्यांनी तेच स्तोत्र म्हटलं, फार प्रेमाने. मी मान हलवत बसले. त्या गेल्यावर ड्रायव्हरसाहेब म्हणाले की बरं वाटलं ना. मी हो म्हटलं. मला कुणीच भेटायला येऊ नये असं वाटतं आणि कुणी आलं नाही की जीव जातो. सगळे म्हणतात की तू किती धीराची. दादा, मी धीराची नाही. मला भीती वाटते. दिवसभर वाटते, भाकरी थापतानासुद्धा. आणि ज्याला सांगायचं तोच देव, तर त्याच्यावरच रुसले आहे.

हे तुला लिहायचं नव्हतं. तू मागितलंस म्हणून दिलं. आता तुला जड झालं तर तुझं तू बघ.

तुझी,
भिंगरी


ता. २२ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

वहिनीने पत्र वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. तीनदा थांबून नाक पुसलं. (चारदा. वहिनी.)

मी येतो आहे. मंगळवारी सकाळच्या बसने निघतो. एकटा येणार. (मी नको म्हटलं. मला शाळेतून रजा मिळत नाही आणि यांना धीर धरवत नाही. वहिनी.) माडीवरच्या बाईंनी माझ्याकडून पांढऱ्या काठीची सवय करून घेतली आहे, इस्त्रीवाला मला बसमध्ये बसवून देईल आणि तिकडे ड्रायव्हरसाहेब आहेतच. रस्त्यात हरवलो तर कुणालातरी सापडेन. इतका मोठा माणूस सहसा हरवून राहत नाही.

तुझी औषधं सुरू होऊन अंगवळणी पडेपर्यंत राहीन. माझा स्वयंपाकाला उपयोग नाही, दवाखान्यात रांगेत उभं राहायला होईल. आंधळ्याला रांगेत पुढे घेतात, हा माझा नवा शोध आहे.

येताना तुला बरं वाटेल असं काही आणत नाही, माझ्याजवळ तसलं काही नाही. ते जाड पुस्तक आणतो.

तुझा,
दादा


ता. ३० एप्रिल

सौ. वहिनीस,
सप्रेम सलाम. वि. वि.

स्वारी सुखरूप पोचली. कंडक्टरने हाताला धरून उतरवलं, तर त्यालाच शिकवलं की आंधळ्याला ओढायचं नसतं, त्याला आपला दंड धरू द्यायचा असतो. घरात शिरताना स्टूलाला धडकला आणि स्टूल चुकीच्या जागी आहे म्हणाला. तू भरून दिलेले शर्ट सगळे चुरगळले होते, कारण त्यांच्यावर ते पुस्तक होतं, उशीच्या अभ्र्यात घातलेलं.

तो आला त्या दिवशी मी त्याच्याशी नुसती बडबड केली. पिवळे पडदे खरंच शिवायचे आहेत म्हटलं, मांजर पळून गेली म्हटलं. तो हसला. मग त्याने माझ्या पलंगाशी खुर्ची ओढली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि न विचारता वाचायला लागला.

वहिनी, तू त्याचं वाचन रोज ऐकतेस, तुला नवल नसेल. मी पहिल्यांदा बघितलं. केवढं हळू वाचतो तो! एकेका शब्दावर थांबतो, बोट मागे नेतो, परत येतो. एका ठिकाणी बोट अडलं ते अडलंच. मला पुढचं माहीत नव्हतं, आणि वाचून वाचून कागद दबलेला, त्यामुळे त्यालाही लागत नव्हतं. मी श्वास धरून बसले. बाबांचं वाचन कसं पाण्यासारखं वाहायचं, त्यावर आम्ही तरंगत जायचो. हे तसं नव्हतं. हा प्रत्येक शब्द जमिनीतून उपटून काढत होता, आणि निघेल तो शब्द माझाच होता. मी इतके दिवस देवाशी अबोला धरून जे बोलत नव्हते, ते हा माझ्या पलंगाशी बसून मोठ्याने देवालाच सांगत होता.

शेवटचा शब्द आला, अंधाराचा. मी सवयीने पुढच्या ओळीची वाट पाहिली. त्याने पुस्तक मिटलं आणि गप्प बसला. धीर दिला नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, दुसरं स्तोत्र काढलं नाही.

मग मी म्हणाले की मला मरायचं नाहीये. हे वाक्य मी ड्रायव्हरसाहेबांपुढेसुद्धा काढलं नव्हतं, कारण कुणीही लगेच म्हणालं असतं की काहीतरीच काय बोलतेस. दादा म्हणाला की त्यालाही आंधळं व्हायचं नव्हतं. एवढंच म्हणाला. आणि मला जे रडू फुटलं, ते थांबेचना. टाक्यांची जागा दुखायला लागली तरी थांबेना. दादाही रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. आम्ही दोघं त्या जाड पुस्तकावर डोकं टेकून लहान मुलांसारखे हुंदके देत होतो.

तेवढ्यात ड्रायव्हरसाहेब चहा घेऊन दारात आले आणि घाबरून तिथेच उभे राहिले. काय झालं, डॉक्टरांना बोलावू का, म्हणायला लागले. दादाने मान वर न करताच त्यांना सांगितलं की जरा थांबा, चहा नंतर घेऊ, आत्ता प्रार्थना चालू आहे.

आमच्यावरची तुझी माया अशीच राहो.

तुझी,
भिंगरी